हसायची पाळी

विनोद आपल्याला कळतो, याबद्दल मुख्य तपासनिसांना आयुष्यात कधी शंका आली नव्हती. नवा मोबाइल कळत नव्हता, मुलीचा स्वभाव कळत नव्हता, बायको गप्प का आहे हे तर तीस वर्षांत कळलं नव्हतं. पण विनोद कळायचा. नुसता कळायचा असं नाही, तो दुसऱ्याला समजावून सांगताही यायचा. खरी गोची तिथेच होती.

ते पाण्याच्या मीटरच्या चाचणी केंद्राचे प्रमुख होते. घरोघरचे बंद पडलेले, काच धुरकटलेले, उलटे फिरणारे मीटर त्यांच्याकडे यायचे. ते लांबलचक टेबलावर ओळीने जोडून त्यांतून पाणी सोडायचं, आकडा बरोबर आला की सील ठोकायचं, नाही आला की फिटरकाकांकडे पाठवायचं. हाताखाली नऊ माणसं. काम चोख. फक्त दर सोमवारची बैठक जरा लांबायची, पण ती लांबते हे तपासनिसांना कोणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी कोणाला विचारलं नव्हतं.

दर गुरुवारी संध्याकाळी टीव्हीवर 'ओळख पटवून नेणे' ही मालिका लागायची. हरवलेल्या वस्तूंचं एक कार्यालय, आणि त्यातली माणसं. तिथे छत्र्यांची नोंद ठेवणारी एक मावशी होती, ती कधी एक शब्द बोलायची नाही. एक कारकून होता, त्याला वस्तू न्यायला येणारा प्रत्येक जण चोर वाटायचा. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर एक व्यवस्थापक होता. तो प्रत्येक भाषणाची सुरुवात 'थोडक्यात सांगतो' अशी करायचा आणि मग छत्री न्यायला आलेल्या माणसाला दाढी फुटेपर्यंत बोलायचा. चाहत्यांनी त्याचं नावच 'थोडक्यात' ठेवलं होतं.

तपासनीस ही मालिका बघताना दर विनोदाला हसायचे आणि मग तो विनोद का होता हे सांगायचे. तोवर पुढचे दोन विनोद निघून गेलेले असायचे. एका गुरुवारी मुलीने टीव्हीचा आवाज बंद केला.

"बाबा, तुम्ही आधी बोलून घ्या. मग मी सुरू करते."

"अगं, मी फक्त एवढंच म्हणतोय की ती मावशी गप्प बसते ना, ते—"

"इथे सांगा हे." तिने त्यांचा मोबाइल घेतला, चार ठिकाणी बोट लावलं आणि परत दिला. "या मालिकेच्या चाहत्यांचा ग्रुप आहे. चार हजार माणसं आहेत. सगळ्यांना समजावा. टोपणनाव काय घेऊ?"

तपासनिसांनी विचार केला. "तटस्थ," ते म्हणाले.

स्वयंपाकघरातून बायकोचा खोकल्यासारखा आवाज आला.

त्या ग्रुपवर तपासनीस खऱ्या अर्थाने फुलले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एक सिद्धांत मांडला. त्यांनी लिहिलं, 'थोडक्यात जे बोलतो त्यात विनोद नाहीच. तसं आपण सगळेच बोलतो. विनोद आहे तो ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर. तो बोलत असताना मावशी पेन्सिलीला टोक काढते, कारकून भिंतीवरचं घड्याळ डोळ्यांनी पुढे ढकलतो. पुढच्या वेळी बोलणाऱ्याकडे बघू नका. ऐकणाऱ्यांकडे बघा.'

शेकडो लोकांना हे आवडलं. 'क्या बात है' म्हणणारे आले, वाद घालणारेही आले. आणि 'तिसरी खुर्ची' अशा टोपणनावाच्या एका बाईंनी लिहिलं, 'तटस्थ, अगदी मनातलं बोललात. मी त्या ऐकणाऱ्यांतलीच एक. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात कामाला आहे. आमचे साहेब म्हणजे थोडक्यातचे सख्खे भाऊ. काल स्क्रूड्रायव्हर जागेवर कसा ठेवावा यावर चाळीस मिनिटं बोलले. आणि एवढं बोलून तो स्वतःच्या खिशात घालून घरी गेले.'

तपासनीस डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. बायकोला वाचून दाखवलं. तिने मान वर न करता विचारलं, "आणि तुमच्या कोटात परवा पाना सापडला तो कसला?"

"तो वेगळा विषय आहे," तपासनीस म्हणाले.

पुढचे दोन महिने तिसरी खुर्ची लिहीत गेली आणि तटस्थ उत्तरं देत गेले. बाई लिहायची झकास. साहेबांना विनोद करायची हौस आहे, विनोद करून झाला की ते खोलीभर नजर फिरवत थांबतात, आणि कोणी हसेपर्यंत पुढे सरकत नाहीत, असं तिने लिहिलं. म्हणून सगळ्यांनी मिळून हसायच्या पाळ्या लावून घेतल्या होत्या. सोमवारी एक, मंगळवारी दुसरा. ज्याची पाळी त्याने आधी हसायचं, बाकीच्यांनी मागून आवाज मिसळायचा. पाळीवाला रजेवर गेला तर बदली माणूस देऊन जायचं. ग्रुपवर हशा पिकला. तटस्थांनी लिहिलं, 'पाळीपत्रक फळ्यावर लावा. साहेबांना वाटेल, कामाचंच आहे.'

मग एका शनिवारी तिने विचारलं, 'या माणसाला थांबवायचं कसं, तटस्थ? तुम्हाला माणसं कळतात.'

माणसं कळतात म्हटल्यावर तपासनिसांनी सल्ला द्यायला जराही उशीर केला नाही. 'सोपं आहे. ते बोलतील तो शब्द न् शब्द लिहून घ्या आणि बैठक संपता संपता मोठ्याने वाचून दाखवा. आपलंच चऱ्हाट कानावर पडलं की भल्याभल्यांची बोलती बंद होते.'

सोमवारी केंद्रातली बैठक नेहमीसारखी झाली. तपासनीस वापरलेल्या सीलच्या तारेच्या तुकड्यांचं काय करावं यावर बोलले. ते बसणार इतक्यात आवक-जावकच्या बाई उभ्या राहिल्या. पस्तिशीच्या, कामाला वाघ, बोलायला मुक्या. त्यांच्या हातात सात पानं होती.

"सर, आजचं लिहून घेतलंय. वाचू?"

आणि त्यांनी वाचलं. एकही 'म्हणजे काय आहे की' न गाळता वाचलं. तपासनीस डोळे मिटून ऐकत राहिले. त्यांना भरून आलं होतं.

"बाई," ते शेवटी म्हणाले, "माझं बोलणं आजवर इतकं मनापासून कोणी टिपलं नव्हतं. दर सोमवारी टिपत जा."

संध्याकाळी घरी येऊन, हातपाय धुऊन, चहाचा कप घेऊन त्यांनी मोबाइल उघडला. तिसऱ्या खुर्चीने लिहिलं होतं, 'तटस्थ, प्रयोग फसला. साहेब खूश झाले. म्हणाले, "माझं बोलणं आजवर इतकं मनापासून कोणी टिपलं नव्हतं. दर सोमवारी टिपत जा." आता जन्मभर टिपणं आलं.'

पहिल्यांदा वाचताना तपासनीस हसले. दुसऱ्यांदा वाचताना त्यांनी चष्मा पुसला. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर त्यांनी कप खाली ठेवला, तो बशीत न पडता बशीच्या कडेवर पडला.

मग त्यांनी दोन महिन्यांचं सगळं मागे जाऊन वाचलं. घड्याळाच्या जागी मीटर घातला की झालं. स्क्रूड्रायव्हर म्हणजे पाना. घड्याळाचे मोडके काटे म्हणजे सीलची तार. एकेक गोष्ट ओळखीची निघत गेली, आणि प्रत्येक गोष्टीखाली त्यांचं स्वतःचं खिदळणं होतं. पाळीपत्रक फळ्यावर लावा, म्हणे.

त्यांना सगळ्यात लागलं ते पाळ्यांचं. फिटरकाका त्यांच्याच वयाचे. बावीस वर्षं दोघं एकाच छपराखाली. काकांचं ते खांदे हलवत येणारं हसू त्यांना फार प्रिय होतं. आपल्या विनोदाची खरी कदर या माणसाला आहे, असं ते बायकोला कितीदा म्हणाले होते. आता आठवून पाहिलं तर काका खरंच सोमवारीच तसे हसायचे. बाकीचे दिवस नुसती मान डोलवायचे.

"अगं," त्यांनी बायकोला विचारलं, "मी ऑफिसात फार बोलतो का?"

"ऑफिसातलं मला काय माहीत?"

तपासनिसांना जरा बरं वाटलं.

"घरातलं विचारा," बायको म्हणाली.

त्यांनी बाजू मांडायचं ठरवलं. अर्थात स्वतःची नाही, मालिकेतल्या व्यवस्थापकाची. त्यांनी ग्रुपवर लिहिलं की आपण सगळे त्या माणसावर अन्याय करतो आहोत. तो बोलतो, कारण त्याच्याशी आपण होऊन कोणी बोलत नाही. तो खोलीत आला की सगळ्यांच्या गप्पा थांबतात. मग त्या शांततेत कोणीतरी काहीतरी बोलायला हवं, म्हणून तो बोलतो. लिहिता लिहिता मजकूर मोबाइलचे पाच स्क्रीन भरून गेला, तरी वाईट नव्हता. त्यातला बराचसा खराही होता. पण त्याची सुरुवात त्यांनी, नकळत, 'थोडक्यात सांगतो' अशी केली होती.

त्यानंतर ग्रुपवर जे झालं ते सांगण्यात अर्थ नाही. चार हजार माणसं हसली, आणि या वेळी पाळी कोणाचीच नव्हती.

तपासनिसांनी मग मनाशी पक्का निश्चय केला. बोलणं बंद.

पुढच्या सोमवारी ते उभे राहिले आणि म्हणाले, "गेल्या आठवड्यात दोनशे दहा मीटर तपासून झाले. ठीक आहे. कामाला लागा." आणि बसले.

कोणीही हललं नाही. फिटरकाका अर्धे पुढे वाकून तयारीत बसले होते, ते तसेच राहिले. आवक-जावकच्या बाईंनी नवी वही आणली होती. तिच्यावर तारीख आणि एक ओळ, एवढंच पडलं. एक मिनिट गेलं. मग खुर्च्या हळूच सरकल्या आणि माणसं मयताच्या घरातून निघावीत तशी बाहेर पडली.

मंगळवारी दुपारपर्यंत बातमी अशी होती की सरांच्या घशाला काहीतरी झालंय. त्यांच्या टेबलावर कोणीतरी न सांगता घशाच्या गोळ्यांची पाकिटं ठेवली. बुधवारी फिटरकाकांनी तपासनिसांच्या घरी फोन लावला.

"वहिनी, सर घरी बोलतात ना?"

"बोलतात की. काल जेवताना दीड तास बोलले."

काकांनी फोन ठेवला आणि जमलेल्यांकडे बघून मान हलवली. घसा ठीक आहे. घरी बोलतात, म्हणजे माणूस ठीक आहे. फक्त ऑफिसात बोलत नाहीत, म्हणजे ऑफिसच ठीक नाही. सरांना काहीतरी कळलंय, आणि ते सांगायची त्यांची छाती होत नाहीये. केंद्र बंद होणार.

एकदा हे कळल्यावर पुरावे काय, पायाखाली सापडत होते. सर जाता-येता सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे निरखून बघत होते. (बघत होतेच, आपल्याच सिद्धांताप्रमाणे.) सर परवा फिटरकाकांच्या टेबलाशी उभे राहिले, काही बोलायला तोंड उघडलं आणि तसेच परत गेले. सरांनी खिशातला पाना आपण होऊन जागेवर ठेवला. हा शेवटचा पुरावा ऐकून सील लावणारा खालीच बसला.

गुरुवारी सकाळी मुख्य कचेरीतून तपासनिसांना फोन आला.

"अहो, तुमच्याकडून एका दिवसात सहा बदलीचे अर्ज आलेत. केंद्र बंद करताय का? करत असाल तर आम्हालाही कळवा."

त्या संध्याकाळी तपासनिसांनी मालिका लावली नाही. त्यांनी ग्रुप उघडला. तिसऱ्या खुर्चीने लिहिलं होतं, आणि या वेळी त्यात गंमत नव्हती.

'आमचे साहेब गप्प झालेत. कारखाना बंद होणार म्हणतात. बहुतेकांनी बदली मागितली. मला ती मागता येत नाही. आई अंथरुणावर आहे, तिला हलवायचं कुठे? आज वाटतंय, ते बोलायचे तेव्हा निदान सगळं जागेवर होतं. तारेच्या तुकड्यांवर तासभर बोलणाऱ्या माणसाला त्याहून मोठी काळजी नसते, हे आम्हाला कळायचं आणि आम्ही निवांत असायचो. तटस्थ, मी काय करू?'

घड्याळाच्या कारखान्यात सीलची तार नसते. ती लपवायला विसरली होती. तपासनिसांनी बोट उचललं, खूप काही लिहिलं, सगळं पुसलं. शेवटी एकच ओळ पाठवली. 'सरळ त्यांच्या खोलीत जा आणि विचारा.' दोन महिन्यांतलं त्यांचं सगळ्यात लहान उत्तर ते.

शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमारास दारावर टकटक झाली. बाई येणार हे तपासनिसांना माहीत होतं, उत्तरही तयार होतं. पण दारातल्या बाईंचे सुजलेले डोळे पाहिल्यावर ते उत्तर कुठल्या कुठे गेलं.

"सर, केंद्र बंद होणार आहे का?"

"नाही."

"खरं सांगा. मी कोणाला बोलणार नाही."

"बाई, नाही हो. काहीच होणार नाहीये."

"मग तुम्ही गप्प का?"

तपासनीस गप्प बसले. बाईंना तेच उत्तर वाटलं असावं. त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

"सगळ्यांना बोलवा," तपासनीस उठत म्हणाले. "आत्ता."

सगळे चाचणीच्या टेबलाभोवती जमले. टेबलावर बारा मीटर जोडलेले होते आणि त्यांतून पाणी झुळझुळत होतं. ते बंद करायचंही कोणाला सुचलं नाही. तपासनिसांनी एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. मालिकेत हेच चेहरे त्यांना किती विनोदी वाटायचे. आता त्यात एकही विनोदी नव्हता. फिटरकाकांनी दाढी केली नव्हती.

"हे केंद्र बंद होणार नाही," ते म्हणाले. "मी गप्प होतो, कारण मी फार बोलतो असं माझ्या कानावर आलं. बाकी कारण नाही. मीटर बंद पडतात. केंद्र बंद पडत नाही."

हे शेवटचं वाक्य तसं विनोदच होतं, आणि ते म्हणून झाल्यावर तपासनीस सवयीने नजर फिरवत थांबले. कोणी हसलं नाही. पाण्याची झुळझुळ तेवढी ऐकू येत राहिली. शांतता इतकी लांबली की ती तोडायला काहीतरी बोलायलाच हवं होतं, आणि तोंडातून निघून गेलं, "आज पाळी कोणाची आहे?"

बोलून गेल्यावर त्यांना कळलं. इतरांना त्याच्याही आधी कळलं. बाईंचा चेहरा पांढरा पडला. कोणी जमिनीकडे पाहिलं, कोणी मीटरच्या आकड्याकडे. मग फिटरकाका, बावीस वर्षांच्या नोकरीतला सगळा सरळपणा गोळा करून, रजेचा अर्ज द्यावा तशा आवाजात म्हणाले, "सर, शुक्रवार सीलवाल्याचा. तो बदलीच्या अर्जाचं बघायला मुख्य कचेरीत गेलाय. बदली माणूस देऊन गेला नाही."

पहिले हसले ते तपासनीसच. हसता हसता त्यांना टेबलाचा आधार घ्यावा लागला. मग काका हसले, आणि त्यांचे खांदे अजिबात हलले नाहीत. खरं हसताना हा माणूस नाकातून शिट्टीसारखा आवाज काढतो, हे तपासनिसांना बावीस वर्षांत प्रथमच कळत होतं. मग सगळेच हसले. बाई तेवढ्या हसल्या नाहीत.

अर्ध्या तासाने त्या खोलीत आल्या. दार लावलं, पण बसल्या नाहीत.

"सर, पाळ्यांचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुम्हीच."

त्यांना उलगडायला वेळ लागला नाही. खाली बघत त्या म्हणाल्या, "तटस्थ."

"हो. बाई, मला आधी माहीत नव्हतं. देवाशपथ. मलाही नंतरच—"

"माफ करा सर."

"छे, छे. माफी कसली? लिहिता तुम्ही फार चांगलं. मला वाटतं तुम्ही—" इथे त्यांनी स्वतःला थांबवलं. त्यासाठी मोठे कष्ट पडले, पण ते थांबले.

बाईंनी टेबलावरची आवकची फाइल उचलली. मग म्हणाल्या, "वाईट एकाच गोष्टीचं वाटतंय. दोन महिने माझं बोलणं नीट ऐकून घेणारा तो एकच माणूस होता."

"अहो, तो मीच होतो."

"तेच ना, सर," बाई म्हणाल्या आणि फाइल घेऊन बाहेर गेल्या.

तपासनिसांनी मोबाइल काढून तिसऱ्या खुर्चीचा शेवटचा मजकूर पुन्हा वाचला. आवक-जावकच्या टेबलाला ते रोज चार वेळा काही ना काही सांगत होते. बाईंच्या घरी अंथरुणावर आई आहे, हे मात्र त्यांना चार हजार माणसांच्या ग्रुपवर कळलं होतं. मोबाइलवर आपण ऐकू शकतो. मग खुर्चीवर बसल्यावर आपल्याला काय होतं?

त्यावर बराच विचार करून ते उठले. सुरुवात जुन्या माणसापासून करावी म्हणून फिटरकाकांच्या टेबलाशी गेले, स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "काका, तुमचं काय चाललंय? सांगा. मी ऐकतो."

काकांनी पाना खाली ठेवला. त्यांनी आधी तपासनिसांकडे, मग इकडेतिकडे पाहिलं. हे आपल्यालाच विचारलंय याची खात्री झाल्यावर त्यांनी हात पुसले आणि सुरुवात केली. गुडघ्यापासून केली. उजवा आधी, मग डावा. गुडघ्यावरून ते डॉक्टरांवर आले, डॉक्टरांवरून डॉक्टरांच्या जिन्यावर, जिन्यावरून तो जिना बांधणाऱ्या मेव्हण्यावर. बावीस वर्षं या माणसाला कोणी काही विचारलं नव्हतं आणि तो बावीस वर्षं काही विसरला नव्हता. जेवणाची सुट्टी झाली आणि संपली. पलीकडून बाई फाइलआडून दोनदा बघून गेल्या. दुसऱ्या वेळी त्या हसत होत्या असं तपासनिसांना वाटलं, पण मान वळवून खात्री करण्याची सोय नव्हती. काका डोळ्यांत बघून बोलत होते.

शेवटी मेव्हण्याच्या सिमेंटवर काकांनी एक विनोद केला आणि ते तपासनिसांकडे बघत थांबले.

तपासनीस हसले. मनापासून हसले की कसे, हे त्यांना स्वतःलाही छातीठोकपणे सांगता आलं नसतं. विनोद पुरता संपायच्या जरा आधीच हसले, एवढं मात्र खरं.